नव्व्याण्णव गुण, तरी नापास

मार्चअखेरच्या धामधुमीत बँकेच्या कारकुनाला सुट्टीचा दिवस म्हणजे पर्वणीच. २०२५ च्या मार्चमधील चौथा शनिवार आम्हाला तसा मिळाला. परंतु त्या दिवशी घरी आराम करण्याऐवजी आम्ही पहाटे पाचला उठून, भाकरी-पिठल्याचे फडके पिशवीत टाकून, सोलापूर स्टेशनवर सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसची वाट पाहत उभे राहिलो. बरोबर आमची थोरली बहीण, जिला सारी वस्ती ताई म्हणते, आणि तिची मुलगी, म्हणजे आमची भाची. काम म्हटले तर लहानसे होते. पुण्याच्या एका जपानी भाषेच्या क्लासमधून एक कागद आणायचा. नापास झाल्याचा कागद.

नापास झाल्याचा कागद आणायला तीन माणसे कशाला, असे आमच्या सौभाग्यवतींनी विचारले होते. त्याचे उत्तर द्यायचे तर जानेवारीत घडलेला प्रकार सांगावा लागेल, आणि त्यात दोष आमचाच आहे.

भाचीने नर्सिंगचा जीएनएम कोर्स पूर्ण केला आहे. सोलापुरात एका खाजगी दवाखान्यात ती काम करते. पगार सांगण्यासारखा नाही. जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची संख्या फार वाढल्यामुळे त्यांची शुश्रूषा करायला बाहेरच्या देशांतून माणसे घेतात, हे तिला मैत्रिणीकडून कळले. २०१९ च्या एप्रिलपासून जपानने ‘विशिष्ट कौशल्य’ नावाचा नवा व्हिसा सुरू केला, आणि २०२१ च्या जानेवारीत भारत सरकारने जपानशी त्याबाबत करार केला. शुश्रूषेच्या कामासाठी त्या व्हिसाला तीन गोष्टी लागतात. एक, जपानी भाषा येत असल्याचा पुरावा. दोन, शुश्रूषेत लागणाऱ्या जपानीची वेगळी परीक्षा. तीन, शुश्रूषेच्या कौशल्याची परीक्षा. यातील पहिल्या पुराव्यासाठी बहुतेक मुले जेएलपीटी नावाची परीक्षा देतात. ही परीक्षा १९८४ साली सुरू झाली आणि २०१० पासून तिचे पाच स्तर आहेत. एन-५ सर्वांत सोपा, एन-१ सर्वांत कठीण. व्हिसाला निदान एन-४ हवा.

पोरगी पाच महिने येरवड्याला आत्याकडे राहून क्लासला गेली. फीसाठी ताईने बचत गटातून तीस हजार काढले. ताई विडी कामगार आहे. तीस हजार म्हणजे किती हजार विड्या, याचा हिशेब ती बोटांवर करू शकते, आम्हाला मात्र त्यासाठी कॅल्क्युलेटर लागतो. २०२४ च्या डिसेंबरच्या पहिल्या रविवारी परीक्षा झाली. निकाल जानेवारीच्या उत्तरार्धात इंटरनेटवर लागतो. अर्ज भरताना आपणच आठ आकडी पासवर्ड ठरवायचा असतो. तो आणि परीक्षा क्रमांक टाकला की निकाल दिसतो. बाईसाहेब तो पासवर्डच विसरल्या होत्या! जन्मतारीख, पास झाल्याची तारीख असे करता करता शेवटी आजोबांच्या मृत्यूची तारीख निघाली. ती का निवडली ते आम्ही विचारले नाही.

निकालाच्या दिवशी भाची दवाखान्यात ड्यूटीवर. तिने क्रमांक आणि पासवर्ड आमच्या मुलाला कळवला. मुलगा मोबाईल घेऊन बँकेच्या दारात आला आणि आकडे वाचू लागला. आम्ही आधीच डायरीत टिपून ठेवले होते, एन-४ ला १८० पैकी ९० गुणांना पास. मुलाने ‘एकूण नव्व्याण्णव’ म्हटले मात्र, आम्ही उठलोच. तो पुढे आणखी काही वाचत होता. ते आम्ही ऐकलेच नाही. थेट मिठाईच्या दुकानात जाऊन एक किलो पेढे घेतले, संध्याकाळपर्यंत वस्तीत वाटले. विहाराच्या अभ्यासिकेत जिथे पोरगी रात्री पुस्तके घेऊन बसे, तिथल्या मुलांना दोन-दोन दिले. रात्री आठला भाची ड्यूटीवरून आली. मोबाईल पाहिला आणि म्हणाली, “मामा, मी नापास आहे.”

पेढे परत घेता येत नाहीत. पुढचे आठ दिवस आम्ही मागच्या गल्लीने बँकेत जात होतो.

दोन-तीन दिवसांतच एक गृहस्थ ताईकडे येऊन गेले. कुठून वास लागतो कोण जाणे. म्हणाले, परीक्षेच्या भानगडीत कशाला पडता, चाळीस हजार द्या, एन-४ पास झाल्याचा कागद घरपोच आणून देतो, जपानला पाठवायची जबाबदारीही आमची. ताईने त्यांना चहा दिला आणि विचार करून सांगते म्हणाली. ताईने विचार करते म्हणणे आम्हाला धोक्याचे वाटले, कारण ती सहसा ताबडतोब नाही म्हणते. लेक नव्व्याण्णव गुण मिळवून नापास कशी, हे जोवर कोणी नीट सांगत नाही, तोवर यात काही तरी लबाडी आहे असेच तिला वाटत होते. आणि जिथे लबाडीने नापास करतात तिथे लबाडीने पास का होऊ नये? हा तिचा प्रश्न होता, आणि खरे सांगायचे तर त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. म्हणून आम्ही म्हटले, कागद आणायला जायचेच आहे, तर तिघे जाऊ. शिकवणाऱ्या बाईंनाच विचारू.

गाडी वेळेवर सुटली. कुर्डुवाडीपर्यंत ताई खिडकीत बसून ज्वारीची काढणी पाहत होती. भिगवणच्या सुमारास उजनीचे पाणी दिसू लागले. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात. डब्यातील लोक खिडक्यांना लागले होते, पण आम्हाला पांढऱ्या बगळ्यांशिवाय काही दिसले नाही. पाण्यात बुडालेल्या गावांपैकी एका गावात आमच्या आजीचे माहेर होते, असे ताई म्हणाली. भाची कानात वायर घालून डोळे मिटून बसली होती. आम्हाला वाटले गाणी ऐकते आहे. जवळ जाऊन ऐकले तर एक बाई आणि एक पुरुष जपानीत काही तरी बोलत होते, मध्येच घंटी वाजत होती, पुन्हा बोलणे.

पुणे स्टेशनहून बसने डेक्कनला उतरलो. क्लास एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचे दुकान. जिन्यात चपलांची रांग. जपानी पद्धतीप्रमाणे चपला बाहेर काढायच्या, आणि त्यांची तोंडे दाराकडे करून ठेवायची. ताईने आपल्या चपला नीट वळवून ठेवल्या आणि म्हणाली, “हे बरंय. निघताना पळायला सोपं.”

आत पंधरा-वीस मुले-मुली होती. लातूरची, नांदेडची, साताऱ्याची, दोन मुली मणिपूरच्या. कोणी नर्स, कोणी इंजिनिअर, एक मुलगा हॉटेलात आचारी. पुण्यात जपानी शिकण्याचे वेड आजचे नाही. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग आहे, तिथे जर्मन, फ्रेंच, रशियनबरोबर जपानीही शिकवतात. चाकण-रांजणगाव भागात जपानी कंपन्यांचे कारखाने आले, संगणकाच्या कंपन्यांना जपानी येणारी माणसे हवी झाली, तसे गल्लोगल्ली क्लास निघाले. पूर्वी ही भाषा शिकणारी मुले बहुधा पुण्यातलीच आणि चांगल्या नोकरदारांच्या घरची असत. आता जिन्यातल्या चपला पाहिल्या तर वेगळेच चित्र दिसते.

शिकवणाऱ्या बाई तिशीच्या, मराठीच. मुले त्यांना सेन्सेई म्हणतात, म्हणजे गुरुजी. हा शब्द बाई-पुरुष दोघांनाही चालतो. भाचीने कमरेत वाकून नमस्कार केला. आम्ही जय भीम केला, बाईंनी हसून हात जोडले आणि तिघांना खुर्च्या दिल्या. मग कपाटातून एक पाकीट काढले.

परदेशात परीक्षा देणाऱ्यांचा कागद जपानहून आधी परीक्षा घेणाऱ्या स्थानिक संस्थेकडे येतो आणि तिथून उमेदवाराला मिळतो. डिसेंबरच्या परीक्षेचा मार्चमध्ये, जुलैच्या परीक्षेचा ऑक्टोबरमध्ये. पास होणाऱ्याला दोन कागद मिळतात, एक प्रमाणपत्र आणि एक गुणांचा तक्ता. नापास होणाऱ्याला फक्त तक्ता. आमच्या हाती एकच कागद आला.

आम्ही चष्मा पुसून वाचला. ‘भाषाज्ञान आणि वाचन’, १२० पैकी ८२. ‘श्रवण’, ६० पैकी १७. एकूण १८० पैकी ९९. आणि निकाल, अनुत्तीर्ण.

बाई म्हणाल्या, “काका, एन-४ ला नव्वदला पास हे बरोबर आहे. पण त्याशिवाय प्रत्येक भागात किमान गुण लागतात. पहिल्या भागात १२० पैकी ३८, आणि श्रवणात ६० पैकी १९. एका जरी भागात कमी पडले तरी एकूण कितीही असोत, नापास. हिला ऐकण्यात दोन कमी पडले.”

हे आम्हाला तत्काळ समजले, कारण बीकॉमला असताना आम्हीही लेखी-तोंडीच्या वेगवेगळ्या पासिंगच्या कचाट्यातून गेलो आहोत, आणि बँकेत रोजच हेच सांगतो. एखाद्याची तीन खाती आहेत. दोन खात्यांत भरपूर पैसे आहेत, पण तिसऱ्यात किमान शिल्लक नाही. तो म्हणतो, साहेब, माझे एकूण पैसे बघा ना! संगणक एकूण बघत नाही. तिसऱ्या खात्यावर दंड पडतोच.

ताईला बँकेचा दाखला पटला नाही. तिने तो कागद बराच वेळ हातात धरला. तिला तो वाचता येत नव्हता, आकडे तेवढे येत होते. मग म्हणाली, “म्हंजे हजार विड्या भरल्या, पण छाट निघाली.” विडी कारखान्यात मोजणीला हजार विड्या पुऱ्या असल्या तरी तपासणारा खराब विड्या छाट म्हणून बाजूला काढतो, त्या हिशेबात धरत नाहीत. बाईंना हे ठाऊक नव्हते. ऐकून त्या म्हणाल्या, “अगदी तसंच, काकू.” ताईचा चेहरा तेव्हा जरा सैल झाला. लबाडी नसून छाट आहे, हे तिला कळले.

आम्ही मात्र कारकून. आम्ही विचारले, फेरमोजणीचा अर्ज कुठे करायचा? दोन गुणांचा तर प्रश्न आहे. बाईंनी सांगितले की अशी सोय नाही. प्रश्नपत्रिका परीक्षेनंतर परत घेतात, उत्तरे पेन्सिलीने गोल भरून द्यायची असतात आणि ती यंत्र तपासते. शिवाय तक्त्यावरचा आकडा म्हणजे बरोबर आलेल्या उत्तरांची साधी बेरीज नव्हेच. दर वेळची प्रश्नपत्रिका सारखी अवघड नसते. कठीण पेपर आलेल्या मुलांवर अन्याय होऊ नये, सोपा पेपर आलेल्यांना फुकटचा फायदा मिळू नये, म्हणून सगळे एका मापावर आणून गुण देतात. तेव्हा किती प्रश्न बरोबर आले, हे त्या आकड्यावरून काढता येत नाही. आम्ही घरून एक कोरा फुलस्केप आणि बॉलपेन नेले होते. ते पिशवीतच राहिले.

मग एटीकेटी? तीही नाही. ऐकण्यात कमी पडली म्हणून पुढच्या वेळी फक्त ऐकण्याचीच परीक्षा द्यायची, असे चालत नाही. पुन्हा फी भरून पुन्हा सगळे पेपर द्यायचे. शब्द आणि लिपीचा पेपर पंचवीस मिनिटे, व्याकरण-वाचन पंचावन्न मिनिटे, आणि ऐकणे पस्तीस मिनिटे.

कागदावर खाली बारीक अक्षरांत आणखी काही होते. ए, बी, सी. आम्हाला वाटले छपाईचे काही असेल. बाईंनी त्यावर बोट ठेवले. “लोक हे बघतच नाहीत. ही खरी माहिती आहे.” ए म्हणजे त्या भागातील ६७ टक्के किंवा अधिक उत्तरे बरोबर, बी म्हणजे ३४ ते ६६ टक्के, सी म्हणजे ३४ पेक्षा कमी. भाचीला शब्दांत ए, वाचनात ए, व्याकरणात बी. म्हणजे पुस्तकाचा अभ्यास पोरीने चांगलाच केला होता. कांजी नावाची जी चित्रासारखी अक्षरे आहेत, ती तिने वहीच्या वहीत गिरवून काढली होती. आम्ही स्वतः पाहिले आहे.

“मग ऐकण्यात काय झालं गं?” बाईंनी भाचीला विचारले. हा प्रश्न घरात आमच्यापैकी कोणी तिला विचारलाच नव्हता. आम्ही वर्गात पंखा फार वाजत होता, शेवटच्या बाकावर नंबर आला होता, असे सांगायला तोंड उघडणार, तोच ती बोलू लागली.

“सेन्सेई, पंखा वगैरे काही नव्हतं. शेवटचा जो भाग असतो ना, त्यात कागदावर काहीच नसतं. एक जण एक वाक्य बोलतो, मग तीन उत्तरं ऐकू येतात, त्यातलं एक लगेच निवडायचं. मी दुसऱ्या प्रश्नावर विचार करत बसले, तोवर तिसरा गेला. तिसरा काय होता ते आठवेपर्यंत चौथा. मग सगळंच गेलं. मला प्रत्येक शब्द लिहून दिला असता तर आला असता.”

परीक्षेत प्रत्येक गोष्ट एकदाच ऐकवतात. पुन्हा नाही. आणि बोलणारे पुस्तकासारखे स्वच्छ बोलत नाहीत, घरात बोलल्यासारखे शब्द गिळून बोलतात. बाई म्हणाल्या, “इथे आपण मराठीत शिकवतो, मराठीत समजावतो. मुलं डोळ्यांनी शिकतात. पण तू जिथे जाणार आहेस तिथे नव्वद वर्षांची आजी असेल. तिची कवळी काढलेली असेल, ती अर्धच वाक्य बोलेल. कुठे दुखतंय ते ती कागदावर लिहून देणार नाही.”

खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. आम्हाला आठवले, मुलगा मोबाईलवर पुढचे वाचत असताना आम्ही पेढ्याच्या दुकानाकडे निघालो होतो. ते आम्ही तिथे बोललो नाही.

मग ताईने त्या चाळीस हजारवाल्या गृहस्थाची गोष्ट काढली. आम्हाला वाटले ती लपवील, पण तिने सरळ विचारले, असा कागद मिळतो का? बाईंनी रागावण्याऐवजी समजावून सांगितले. मुलीच्या नावाचा निकाल तिच्याच क्रमांकाने आणि पासवर्डाने दिसतो. जो कागद देणारा ते दोन्ही आकडे दाखवू शकत नाही, त्याचा कागद खोटा. खोट्या कागदावर अर्ज करून पकडली गेली, तर पुढे खऱ्या कागदावरही जपानचा दरवाजा उघडणे अवघड. आणि समजा नाहीच पकडली गेली, तर ती त्या आजीसमोर उभी राहिली की पकडली जाणारच. ताईने मान हलवली. “चहा फुकट गेला त्या मेल्याचा,” एवढेच म्हणाली.

बाईंनी दुसरी वाटही सांगितली. जेएफटी-बेसिक म्हणून एक परीक्षा आहे, ती संगणकावर होते. २५० पैकी २०० गुण लागतात, भागवार किमान गुणांची अट नाही, आणि परीक्षा संपताच निकाल समोरच्या पडद्यावर दिसतो. दोन महिने जीव टांगणीला नाही. विशिष्ट कौशल्याच्या व्हिसाला तीही चालते. आम्हाला ही वाट एकदम पसंत पडली. ताईलाही. पण भाची म्हणाली, “नाही. मला एन-३ पण द्यायचीय पुढे. हीच देते परत.” वीस-बावीस वर्षांच्या मुलीने आईच्या कर्जाकडे बघत असे म्हणणे सोपे नव्हते. ताई तिच्याकडे बघत राहिली. आम्ही फीचा आकडा विचारला आणि डायरीत लिहून घेतला.

एक गोष्ट बाईंनी ताईला मुद्दाम सांगितली, ती वाचकांनीही लक्षात ठेवावी. या व्हिसावर जास्तीत जास्त पाच वर्षे राहता येते आणि घरच्यांना बरोबर नेता येत नाही. तिथली शुश्रूषेची सरकारी परीक्षा पास झाली तर पुढे वेगळा व्हिसा मिळतो आणि राहता येते. गावोगावी जाहिराती लावणारे पगाराचा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात, हे मात्र बारीक अक्षरांतही छापत नाहीत. ताईला हे नवे होते. लेक पाच वर्षे दिसणार नाही की काय, असा प्रश्न तिच्या तोंडावर आला होता. भाची म्हणाली, “सुट्टीला येता येतं गं.”

दुपारी क्लासच्या खालीच भाकरी खाल्ली. स्वारगेटहून रात्रीची एसटी होती, वेळ बराच होता. भाची म्हणाली, मामा, तुम्हाला ती जपानी बाग दाखवते. सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे यांच्या नावाचे उद्यान आहे. पुणे आणि जपानमधील ओकायामा या दोन शहरांच्या मैत्रीखातर ते केले आणि २००६ मध्ये खुले झाले. ओकायामात कोराकुएन नावाची १७०० साली पूर्ण झालेली बाग आहे, जपानमधील तीन थोर बागांपैकी एक. तिच्या धर्तीवर ही बाग केली आहे.

ओकायामा हे नाव आमच्या काही वाचकांना परके नसावे. नागपूरचे भदन्त सुरई ससाई मूळचे त्याच ओकायामा प्रांतातले. १९६० च्या दशकात ते भारतात आले तेव्हा आपली भाषा त्यांना कुठे येत होती? त्यांची परीक्षा कोणी घेतली नाही, गुणांचा तक्ताही दिला नाही. माणसांत राहून ऐकत ऐकतच ते शिकले असणार. आम्ही हे भाचीला सांगितले. ती म्हणाली, “त्यांना पन्नास वर्षं मिळाली मामा. मला पस्तीस मिनिटं.” बरोबर आहे तिचे.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर बागेत गेलो. आत काय आहे? तर फार काही नाही. फुलांचे ताटवे नाहीत, पुतळे नाहीत, झोके नाहीत. हिरवळीचे चढउतार, वळत जाणारी वाट, वाहते पाणी, त्यावर पूल, तळ्यात मासे. सुरुवातीला आम्हाला वाटले तिकिटाचे पैसे फुकट गेले. पण चालत गेलो तसे एक ध्यानात आले. वाट वळली की मागचे दिसेनासे होते आणि नवे पुढे येते. सगळी बाग एका जागेवरून कुठूनच दिसत नाही. ताई पुलावर बसली. सकाळपासून ती प्रथमच बसली होती. तळव्यांवरचे तंबाखूचे डाग ती अंगठ्याने घासत होती. ते निघत नाहीत, चाळीस वर्षे निघालेले नाहीत.

पुलापलीकडे एक जपानी कुटुंब होते. आई, वडील आणि चारेक वर्षांचा मुलगा. पोरगा पाण्याच्या अगदी काठाशी गेला, तशी आई ओरडली. भाची आमच्या बाजूला उभी होती. तिने लगेच सांगितले, “अबुनाई. म्हणजे सांभाळ, धोका आहे.” आम्ही कौतुकाने पाहिले. त्यानंतर त्या बाईने मुलाला हाताला धरून बरेच काही सुनावले. आम्ही विचारले, आता काय म्हणाली?

भाची म्हणाली, “तेवढंच कळलं. बाकीचं वाहून गेलं.”

आम्ही म्हटले, जा की, बोल त्यांच्याशी. ती गेली नाही. पण ते लोक वाटेने पुढे निघाले तेव्हा ही त्यांच्या मागून दहा पावलांवर चालू लागली, मान खाली घालून, मासे बघत असल्यासारखी. बागेला एक पूर्ण फेरी झाली. परत आली तेव्हा म्हणाली, मुलाला भूक लागलीय, आणि वडिलांना उद्या ऑफिस आहे. रविवारी ऑफिस? आम्ही विचारले. ती जरा विचारात पडली. “मग परवा असेल.”

रात्री स्वारगेटवरून सोलापूरची गाडी मिळाली. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट आहे, तेव्हा दोघींचे मिळून आमच्या एकट्याएवढेच झाले. इंदापूरपर्यंत ताई झोपली होती. भाचीच्या कानात पुन्हा ते बाई-पुरुष आणि ती घंटी.

पुढचे थोडक्यात सांगतो. जुलैची परीक्षा सगळ्या देशांत आणि सगळ्या शहरांत असतेच असे नाही, म्हणून आधी चौकशी करूनच अर्ज भरला. आठ आकडी पासवर्ड या वेळी आम्ही स्वतः डायरीत लिहिला. भाचीने वहीत लिहिणे जवळजवळ बंद केले. दवाखान्यात जाता-येता, भांडी घासताना, ती ऐकतच असे. एकच संवाद वीस-वीस वेळा, आणि ऐकला की मोठ्याने म्हणायचा. शेजारच्या म्हातारीने ताईला विचारले, पोरीला काही झालंय का?

जुलै २०२५ च्या पहिल्या रविवारी परीक्षा झाली. ऑगस्टअखेर निकाल लागला. तिने तो रात्री घरी, आम्हा सगळ्यांच्या समोर उघडला. भाषाज्ञान आणि वाचन, ६९. श्रवण, २८. आम्ही मनातल्या मनात बेरीज केली, सत्त्याण्णव. मागच्यापेक्षा दोन कमी. आमच्या छातीत धस्स झाले. वाचनाचा अभ्यास मागे पडला, हे त्या ६९ वरून दिसतच होते. आम्ही तोंडातून अवाक्षर काढले नाही, शेवटच्या ओळीपर्यंत थांबलो. तिने ती ओळ वाचली. उत्तीर्ण.

“नव्व्याण्णवाला नापास आन् सत्त्याण्णवाला पास,” ताई म्हणाली. “छाट निघाली नाही यंदा.”

ऑक्टोबरमध्ये दोन कागद हाती आले. ताईने ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत, आपल्या विडी कामगार ओळखपत्राच्या खाली ठेवले आहेत. मार्चचा तो एक कागदही तिथेच आहे, तो फेकू दिला नाही. बचत गटाचे अकरा हजार अजून फिटायचे आहेत. शुश्रूषेच्या जपानीची आणि कौशल्याची, अशा दोन परीक्षा बाकी आहेत. पेढे तेव्हाच, असे घरात ठरले आहे, आणि ते आणायला आम्हाला पाठवायचे नाही, असेही.